हृदयातला फॉल्ट शोधणारा डॉक्टर : सर थॉमस लुईस

बंद पडलेल्या सर्किटमधला फॉल्ट शोधायचं काम आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं आहे. सीआरओचा एक प्रोब ठरलेल्या जागी पक्का लावायचा, ट्रिगर त्यावरून घ्यायचा आणि दुसरा प्रोब हातात धरून पॉइंट-पॉइंटवर फिरवायचा. सिग्नल कुठे आधी येतोय, कुठे मागाहून येतोय हे बघत बघत मुळापर्यंत पोचायचं. मित्रांनो, हीच युक्ती एका डॉक्टरने १९१० साली धडधडत्या हृदयावर वापरली होती. फॉल्ट होता हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला, आणि तो नेमका कुठून निघतो हा प्रश्न पुढची शंभर वर्षं डॉक्टरांना आणि इंजिनिअरांना पुरून उरला.

या डॉक्टरचं नाव थॉमस लुईस. सेमिनारसाठी मी हृदयाचं इलेक्ट्रिकल मॅपिंग हा विषय घेतला तेव्हा या माणसाची गाठ पडली. आइन्थोव्हेनने ईसीजी शोधला हे आपल्याला पाठ असतं, कारण त्याला नोबेल मिळालं. पण त्या यंत्राने काय काय दिसतं हे ज्याने जगाला दाखवलं, तो लुईस मात्र आपल्या पुस्तकांत एखाद-दोन ओळींतच उरकला जातो. म्हणून हा लेख.

लुईसचा जन्म २६ डिसेंबर १८८१ चा. गाव टाफ्स वेल, वेल्समधल्या कार्डिफजवळचं. वडील हेन्री लुईस हे खाणींचे इंजिनिअर. (म्हणजे आपल्याच बिरादरीतले!) मुलाची तब्येत मात्र नाजूक. क्लिफ्टनच्या शाळेत घातलं होतं, पण आजारपणामुळे तिथे फार काळ टिकला नाही. बहुतेक शिक्षण घरीच झालं. पोराला नाद होता तो जादूच्या प्रयोगांचा. मोठं होऊन जादूगार व्हायचं हेच त्याच्या डोक्यात होतं. घरी येणारे डॉक्टरही हातचलाखीत तरबेज होते, आणि त्यांच्याकडे बघता बघता हा मुलगा वैद्यकीकडे वळला अशी हकीकत सांगतात. सोळाव्या वर्षी तो कार्डिफच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये आला आणि १९०५ साली सुवर्णपदकासह डॉक्टर झाला. पुढचं सगळं आयुष्य त्याने याच हॉस्पिटलात काढलं.

आता जरा त्या काळातला प्रश्न समजून घेऊ. काही रुग्णांची नाडी अशी लागायची की तिला ताल म्हणून काही नाहीच. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने, मग पुन्हा थांबणं. कसलाच हिशेब नाही. डॉक्टर मंडळी नाडीवर बोट ठेवून शेकडो वर्षं हा प्रकार अनुभवत होती, पण आत काय बिघडलंय ते कुणालाच कळत नव्हतं. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात जेम्स मॅकेंझी नावाचा एक साधा जनरल प्रॅक्टिशनर होता. त्याने एक पॉलिग्राफ बनवून घेतला होता. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल दोन्ही एकाच कागदावर शाईने उमटवणारं यंत्र. या यंत्रावर मॅकेंझीला दिसलं की नाडी अशी बेताल झाली की मानेच्या शिरेत वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची जी लाट एरवी दिसते, ती गायबच होते. वरचे कप्पे लुळे पडले असावेत असं त्याला आधी वाटलं. नंतर त्याने तर्क बदलला : वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावत असावेत. हा तर्कही बरोबर नव्हता. पण प्रश्न नेमका कुठे आहे, हे मात्र या खेड्यातल्या डॉक्टरने अचूक हेरलं होतं. १९०७ मध्ये तो लंडनला आला, आणि थोड्याच काळात पंचविशीतला लुईस त्याच्या सहवासात आला.

लुईसच्या हाती एक नवं हत्यार पडलं. हॉलंडमधल्या लायडन गावी आइन्थोव्हेनने स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर बनवला होता. चांदीचा मुलामा दिलेला, केसापेक्षा कितीतरी बारीक असा क्वार्ट्झचा धागा दोन जबरदस्त चुंबकांच्या मध्ये ताणलेला. हृदयाचा करंट त्यातून गेला की धागा हलणार, त्याची सावली सरकत्या फोटोप्लेटवर पडणार. मूळ यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात! चुंबक गार ठेवायला पाणी खेळवावं लागे आणि यंत्र चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने हे धूड आटोपशीर केलं. ही कंपनी चार्ल्स डार्विनच्या मुलाची, होरेस डार्विनची. तिच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लुईसच्या हॉस्पिटलात आलं आणि तिथून त्याने मागे वळून पाहिलं नाही.

१९०९ मध्ये त्याने बेताल नाडीचं कोडं सोडवलं. (त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग हेही त्याच उत्तरापाशी पोचले होते. विज्ञानात असं बरेचदा होतं.) त्याने हे कसं सिद्ध केलं ते बघण्यासारखं आहे. निरोगी माणसाच्या ईसीजीत मोठ्या टोकदार लाटेच्या आधी एक छोटी गोल लाट असते, ती वरच्या कप्प्यांची. बेताल नाडीच्या रुग्णांत ही लाट नव्हती, आणि तिच्या जागी सगळीकडे बारीक बारीक थरथर होती. आपण म्हटलं असतं, नॉइज आहे, फिल्टर लावा! लुईसने तसं केलं नाही. त्याने इलेक्ट्रोड छातीवर, वरच्या उजव्या कप्प्याच्या जवळ सरकवून पाहिले. थरथर मोठी झाली. लांब नेले, लहान झाली. म्हणजे हा यंत्राचा दोष नव्हे, सिग्नलच आहे आणि तो तिथूनच येतोय. छातीवरची इलेक्ट्रोडची ही मांडणी आजही लुईस लीड या नावानेच ओळखली जाते.

मग कुत्र्यांवरचे प्रयोग. वरच्या कप्प्यांना वेगाने विजेचे झटके दिले की ते आकुंचन पावायचे सोडून नुसते वळवळू लागतात हे फिजिऑलॉजीवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यालाच फिब्रिलेशन म्हणत. अशा कुत्र्याचा ईसीजी आणि बेताल नाडीच्या माणसाचा ईसीजी शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच. पण शंका काढणारा म्हणेल, तुम्ही कुत्र्याला मुद्दाम झटका दिलात, आपोआप आजार झालेल्या हृदयात हेच होतं कशावरून? माणसाची छाती तर उघडून बघता येत नव्हती. लुईसने घोडे शोधले! घोड्यांनाही हा आजार आपोआप होतो. अशा घोड्याचा ईसीजी घेऊन, मग त्याला गुंगीत ठेवून छाती उघडली, तर वरचे कप्पे खरोखरच वळवळत होते. जिद्द म्हणतात ती ही.

याचा रुग्णांना फायदा काय झाला? एक तर लगेच झाला. डिजिटॅलिस हे औषध नेमकं याच रुग्णांना इतकं का लागू पडतं, ते समजलं. वरच्या कप्प्यांत मिनिटाला चारशे-सहाशे वेडेवाकडे सिग्नल उठतात. ते सगळे खाली पोचले तर माणूस उरायचाच नाही. मध्ये एक फाटक आहे, ते काहींनाच खाली सोडतं. डिजिटॅलिस हे फाटक आणखी अरुंद करतं. फिब्रिलेशन तसंच चालू राहतं, पण नाडी आटोक्यात येते. म्हणजे हा बंदोबस्त झाला, मूळ फॉल्ट तसाच. आणि तो तसाच राहणं परवडण्यासारखं नसतं, कारण नीट आकुंचन न पावणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. त्यामुळे फॉल्ट कुठे आहे, हा प्रश्न उभाच होता.

इथे तो सुरुवातीला सांगितलेला प्रोब येतो. आकुंचन पावायला लागलेला स्नायू भोवतालच्या शांत स्नायूच्या मानाने निगेटिव्ह होतो. मग जो बिंदू सगळ्यांत आधी निगेटिव्ह होईल, तोच उगम. किती सोपं! १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक यांना उजव्या वरच्या कप्प्यात वेगळ्या पेशींची एक गाठ सापडली होती. ठोका इथून सुरू होत असावा असा अंदाज होता, पण नुसत्या मायक्रोस्कोपखाली बघून ते कसं ठरणार? १९१० मध्ये लुईसने ओपनहायमर आडनावाच्या दोन सहकाऱ्यांबरोबर (बॉम्बवाला नव्हे!) कुत्र्याच्या हृदयावर बिंदू बिंदू तपासला, आणि सर्वांत आधी निगेटिव्ह होणारी जागा बरोबर त्या गाठीवर आली. १९१४ मध्ये मीकिन्स आणि पॉल व्हाइट यांच्यासोबत त्याने वरच्या कप्प्यांत लाट कशी पसरते याचा नकाशाच काढला. लाटेचा वेग निघाला सेकंदाला साधारण एक मीटर. मोजमाप सेकंदाच्या हजाराव्या भागांत, आणि तेही फोटोप्लेटवर भिंगाने! आपण सेकंड इयरला मीटरवरचं रीडिंग घेताना किती अंदाजपंचे करतो ते आठवून मला जरा अवघडल्यासारखंच झालं.

मध्येच महायुद्ध आलं. रणांगणावरून शेकडो तरुण सैनिक धाप, धडधड, छातीत दुखणं अशा तक्रारींनी परत येत होते आणि त्यांच्यावर हृदयरोगाचा शिक्का बसत होता. सैनिकांच्या हृदयाचं खास हॉस्पिटल आधी हॅम्पस्टेडला आणि नंतर कोलचेस्टरला होतं. तिथे लुईसने दाखवून दिलं की यांतल्या बहुतेकांच्या हृदयात काही बिघाडच नाही. त्याने त्यांना झोपवून ठेवण्याऐवजी पायरीपायरीने कवायत करायला लावली आणि बरेच जण कामावर परतले. १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १९२१ मध्ये सर झाला.

युद्ध संपता संपता तो पुन्हा आपल्या फॉल्टकडे वळला. आता खरी गंमत. फिब्रिलेशनचा एक शिस्तीतला भाऊ आहे, त्याला फ्लटर म्हणतात. वेग मिनिटाला तीनशेच्या आसपास, पण प्रत्येक लाट आधीच्या लाटेसारखी. हा सिग्नल कुठून येतो? दोन शक्यता. एक, कुठेतरी एखादा बिंदू पिसाळलाय आणि धडाधड पल्स फेकतोय, म्हणजे ऑसिलेटर. दुसरी, कुणीच पल्स फेकत नाहीये, एकच लाट गोल गोल फिरतेय आणि आपल्याच शेपटीमागे धावतेय. स्नायूला एकदा आकुंचन पावल्यावर सावरायला थोडा वेळ लागतो. लाट फेरी मारून येईपर्यंत जागा सावरलेली असेल तर लाट पुढे जाते, आणि हे फिरणं संपतच नाही. ही कल्पना लुईसची नव्हे. मेयरने जेलीफिशच्या कातडीच्या कड्यात अशी लाट फिरवून दाखवली होती, आणि जॉर्ज माइन्सने १९१३ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या कड्यात. हा माइन्स विलक्षण हुशार. १९१४ साली मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत तो अंगाला उपकरणं जोडलेल्या अवस्थेत बेशुद्ध सापडला आणि गेला. वय फक्त २८. तो जगता तर ही गोष्ट कदाचित वेगळी लिहावी लागली असती.

लुईसने कुत्र्यांत फ्लटर सुरू करून पुन्हा बिंदू बिंदू तपासला. शरीरातलं अशुद्ध रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा उजव्या वरच्या कप्प्यात उघडतात, त्यांच्या तोंडांभोवती लाट गोल फिरत असल्याचं त्याला दिसलं. १९२० च्या सुमारास त्याने हे सगळं आपल्याच, मॅकेंझीच्या मदतीने १९०९ मध्ये काढलेल्या हार्ट या नियतकालिकात छापलं. फिरत्या लाटेचं डोकं आणि शेपूट यांच्यामधल्या सावरलेल्या जागेलाही त्याने महत्त्व दिलं. ही फट औषधाने बुजवली तर लाट आपटून थांबेल! क्विनिडीन हे औषध तेव्हा नवीन होतं. लुईसने तपासलं तर ते सावरण्याचा वेळ वाढवतं, म्हणजे फट बुजते, पण त्याच वेळी लाटेचा वेगही कमी करतं, म्हणजे फट पुन्हा रुंदावते. एका हाताने देतं, दुसऱ्या हाताने काढून घेतं. औषध कधी लागू पडतं आणि कधी नाही, याचं सर्किटच्या भाषेतलं हे स्पष्टीकरण मला तरी फार आवडलं.

फिब्रिलेशनचं काय, मग? इथे मात्र लुईसची पद्धतच आडवी आली. हातातला एकच प्रोब फिरवून नकाशा काढता येतो तो सिग्नल रिपीट होत असेल तरच. ट्रिगर नीट बसला तर पडद्यावरचं चित्र स्थिर राहतं, नाहीतर नुसता गोंधळ. फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक क्षणी चित्र वेगळं. एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत आधीचं सगळं पुसलेलं. त्याला हवे होते एकाच वेळी अनेक चॅनेल, आणि त्याच्याकडे होते धागे आणि फोटोप्लेट! तेव्हा त्याने फ्लटरवरून पुढचा अंदाज बांधला : आत एक मुख्य फिरती लाट असणार, तिचा मार्ग वाकडातिकडा असणार आणि तिच्यापासून फुटलेल्या लाटा बाकीचा गोंधळ घालत असणार. मोजमाप जिथे थांबलं तिथून पुढे तर्क सुरू झाला. पण लुईसचा दरारा इतका होता की हा तर्कही बराच काळ सिद्ध झाल्यासारखाच चालला.

स्वतः लुईस मात्र या विषयातून उठूनच गेला. या खाणीतलं सोनं काढून झालंय असं त्याला वाटलं. विशीच्या दशकात त्याने ईसीजी सोडला आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या हा विषय धरला. पट्टीने हातावर ओरखडा काढला की आधी लाल रेघ, मग भोवती लाली, मग गांध उठते ना, त्याचा अभ्यास त्याने केला. त्यावर १९२७ मध्ये पुस्तक काढलं. पुढे वेदना हा विषय घेतला. माणूस कडक होता, कामाच्या बाबतीत स्वतःला आणि इतरांना दयामाया नाही. विरंगुळा म्हणजे मासेमारी आणि पक्ष्यांचे फोटो. सिगरेटी मात्र दिवसाला सत्तर! १९२७ मध्ये, पंचेचाळिशीत, त्याला हृदयविकाराचा झटका आला. जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या हृदयाचे आलेख वाचत आला त्याला निदान सांगायची गरजच नव्हती. सिगरेट त्या दिवसापासून बंद. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. १७ मार्च १९४५ ला रिकमन्सवर्थ इथे हृदयविकारानेच तो गेला. आइन्थोव्हेनला १९२४ चं नोबेल मिळालं तेव्हा त्याने आपल्या भाषणात लुईसच्या कामाचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं. नोबेल मात्र लुईसच्या वाट्याला आलं नाही.

आणि फॉल्ट? लुईस गेल्यावर दोनच वर्षांनी शर्फ नावाच्या डॉक्टरने कुत्र्याच्या वरच्या कप्प्यावर एका ठिकाणी ॲकोनिटीन हे विष लावलं आणि तेवढ्याने फिब्रिलेशनसारखा प्रकार सुरू झाला. म्हणजे ऑसिलेटर पुन्हा हजर. मग गॉर्डन मो याने मांडलं की एक मुख्य लाट वगैरे काही नसून अनेक छोट्या लाटा भटकत असतात. १९६४ साली त्याने ९९२ षटकोनी घटकांचं कॉम्प्युटर मॉडेल करून तसं होऊ शकतं हे दाखवलंसुद्धा. नेदरलँड्समध्ये अलेसीने लुईसकडे नव्हते ते अनेक चॅनेल एकाच वेळी लावून या भटक्या लाटा प्रत्यक्ष टिपल्या. त्या कल्पनेवरून जेम्स कॉक्सने १९८७ मध्ये वरच्या कप्प्यांत चक्क भूलभुलैया कापून शिवण्याची शस्त्रक्रिया केली : लाटेला फिरायला जागाच ठेवायची नाही!

तरीही सुरुवात कुठून होते, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं बोर्दोच्या हाइसाग्वेअरने. १९९८ मध्ये त्याने ४५ रुग्णांत शिरेतून वायर आत सोडून, फिब्रिलेशन सुरू व्हायच्या क्षणी सगळ्यांत आधी पेटणारा बिंदू शोधला. लुईसचीच १९१० ची युक्ती. असे ६९ बिंदू सापडले आणि त्यांतले ६५ फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत होते. या शिरा उघडतात डाव्या कप्प्याच्या मागच्या बाजूला. लुईसने जिथे फिरती लाट पाहिली होती ती जागा उजव्या कप्प्यात. तिथे जाळून ते बिंदू मारता आले, आणि पुढे बिंदू शोधत बसण्यापेक्षा शिरांभोवती चट्ट्यांचं कडं करून त्यांना उरलेल्या कप्प्यापासून तोडणं हाच प्रघात पडला. अलीकडे, २०२३-२४ पासून, अमेरिकेत उष्णतेऐवजी अत्यंत थोड्या वेळाच्या हाय व्होल्टेज पल्सने पेशी मारणारी यंत्रंही मंजूर झाली आहेत. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

फ्लटरच्या बाबतीत लुईस तत्त्वतः जिंकला. माणसातला नेहमीचा फ्लटर ही फिरती लाटच आहे, फक्त ती शिरांच्या तोंडांभोवती नसून उजव्या बाजूच्या झडपेभोवती फिरते आणि अरुंद पट्टीवर एक रेघ जाळली की थांबते. पण महिनोन् महिने टिकून राहिलेल्या फिब्रिलेशनमध्ये शिरा तोडूनही बऱ्याच जणांचा आजार परततो. २०१२ मध्ये ६४ इलेक्ट्रोडची टोपलीसारखी वायर कप्प्यात उघडून आतल्या फिरत्या लाटांची केंद्रं शोधायची आणि तीच जाळायची, अशी पद्धत मोठ्या उमेदीने मांडली गेली. नंतरच्या चाचण्यांत तिचा तसा फायदा दिसला नाही. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत तर शिरांव्यतिरिक्त जास्तीची जाळपोळ करूनही काही पदरात पडलं नाही. टोपली नीट टेकत नाही, दोन इलेक्ट्रोडमधली जागा मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या जागेत काय घडतंय ते सॉफ्टवेअरला अंदाजाने भरावं लागतं. लुईसला एका प्रोबने भरावं लागत होतं, तसंच.